ळ

शहापुरात, कोरे गल्लीच्या तोंडाला
माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान.
तेव्हा रेडिओ होते.
समोर सुंद्राक्का मुचंडीकर साड्यांना फॉल लावायच्या,
मशीन थांबलं की गुणगुणायच्या
आणि गिऱ्हाईक आलं की एकदम गप्प.

एका दुपारी लाईट गेली.
त्यांचं मशीन थांबलं, माझी सोल्डरिंग थंड झाली,
तेव्हा म्हणाल्या,
"मी सात वर्षं मुंबईत होते रे बा.
डमी गायचे."

डमी म्हणजे मोठी बाई यायच्या आधी
गाणं उभं करून ठेवायचं.
व्हायोलिनवाल्यांना वळणं कळावीत,
हिरॉइनला ओठ हलवायची सवय व्हावी.
मग मोठी बाई यायची, एकदा ऐकायची,
एका दमात गाऊन निघून जायची,
आणि आपली टेप पुसून
तिच्यावरच पुढचं गाणं.
तीस रुपये.
"गायचे तीस की पुसायचे, ते काय कळलं नाही,"
असं म्हणून दोऱ्याचं टोक तोंडात घेतलं त्यांनी.

संगीतकार किशनदयाल. माणूस भला,
पेटीच्या पट्ट्यांवर सिगारेटची राख सांडायचा.
एकाच गोष्टीला भडकायचा:
"ए बेलगाँववाली, जीभ सीधी रखो!"
कारण अक्कांच्या तोंडी काजलचं काजळ व्हायचं.
जीभ आपसूक मागं वळायची,
टाळूला टेकायची,
अंधारात घरची कडी सापडावी तशी.
"आमच्या गावाच्या नावातच ते अक्षर,
तेवढं काढलं तर गाव कुठलं राहतंय?"
हे मनात.
तोंडानं, जी साब.

एकदा मोठी बाई तापानं पडली.
सिनेमा लागायची तारीख ठरलेली,
सेटचं भाडं चढत होतं.
दुसऱ्या अंतऱ्याच्या दोन ओळी
कुणीतरी डमीतून कापून जोडल्या.
अक्कांना कुणी सांगितलं नाही.
त्या तोवर आईच्या दुखण्यासाठी गावी परतल्या होत्या.
ग्लोब टॉकीजला, बायकांच्या बाकावर,
ओच्यात चिरमुरे घेऊन
त्यांनी स्वतःला ऐकलं.

"पडद्यावर ती बया काजल म्हणते,
जिभेचं टोक दातांशी, स्वच्छ दिसतंय,
आणि आवाजात जीभ मागं!
तिच्या तोंडात माझी जीभ.
आख्ख्या थेटरात एकट्या मला ठावं."
मग?
"मग काय. चिरमुरे खाल्ले."

शनिवारच्या बाजारात, जुन्या तव्यांच्या ढिगात
मला ती रेकॉर्ड मिळाली.
लावली. अंतरा आला तसा
त्यांनी हात वर केला, बोटात सुई तशीच:
"हां. आत्ता. ऐकू येवलालंय काय?"
आलं.

पाट्यांना डांबर फासायचे दिवस होते ते.
रात्री एक लिपी जायची, पहाटे दुसरी.
फॉल न्यायला आलेल्या बसव्वाला अक्कांनी विचारलं,
तुमच्यात आहे की नाही गं हे अक्षर?
बसव्वा दारातूनच, हौद्री, ऐती.
"बघ. ह्यांच्यात आहे, आपल्यात आहे.
तिकडंच नाही."
आणि साडीची घडी घालून दिली,
फॉलचे सहा रुपये, सुट्टे नव्हते तर पाचच घेतले.

अक्का जाऊन अकरा वर्षं झाली.
परवा भाच्यानं मोबाईलवर तेच गाणं लावलं,
कंपनीनं धुऊन पुसून नवं केलेलं.
खरखर नाही, सुईचा आवाज नाही.
मी तीनदा ऐकलं.
खरखरीबरोबर तेही पुसलं गेलं की काय,
की माझेच कान गेले, कुणाला विचारू?
बसव्वाची गल्लीही आता ठाऊक नाही.

दुकान बंद करताना,
शटर अर्धं खाली ओढून
मी एकटाच म्हणून बघतो,
काजल.

सरळ म्हणायचं ठरवलेलं असतं.